आमच्या तालुक्याच्या क्लबात खरंच गोल्फ खेळत होते काय? पुरावा कुठं शोधायचा?

बरडावरचा_बबलू

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. आमचं गाव वऱ्हाडातलं, तालुक्याचं, नाव मुद्दाम सांगत नाही कारण कमिटीतले एकदोघं इथं येऊन वाचतात. तहसीलच्या मागं आमचा जुना ऑफिसर्स क्लब आहे, कौलारू बंगली, पुढं व्हरांडा, दोन टेनिस कोर्ट (एकावर आता लग्नाचे मंडप पडतात), आत टेबल टेनिस, कॅरम आणि संध्याकाळी रमी, खरं म्हणजे रमीच. मेंबर म्हणाल तर डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले आणि बदलीवर आलेले साहेब लोक. यंदा कमिटीच्या डोक्यात आलं की स्मरणिका काढायची, आणि मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं.

आता भानगड अशी आहे. हॉलमध्ये अध्यक्षांच्या नावांचा लाकडी बोर्ड आहे, पण दरवेळी रंग मारताना पेंटरनं वरच्या ओळींवर असा हात फिरवला की नावं अर्धवट वाचता येतात आणि सालं गेली ती गेलीच. वरची नावं सगळी गोऱ्यांची, कोणापुढं आय.सी.एस., कोणाच्या आधी कॅप्टन. प्रोसिडिंग बुकं आहेत ती स्वातंत्र्यानंतरची, त्याआधीची उधईनं खाल्ली म्हणतात. आणि गावात जो तो सांगतो की क्लबच्या मागच्या बरडावर इंग्रज गोल्फ खेळत होते. बरड म्हणजे काय, मुरमाड टेकाड, बाभळी, बोरी, कुसळ आणि चरणारी ढोरं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री. टीव्हीवर गोल्फचं मैदान पाह्यलं तर सगळं हिरवंगार, मधात तळं, अन् इथं क्लबच्या विहिरीचा मार्चमध्येच तळ दिसतो, मग हे लोक खेळले तरी कसे?

पण वस्तू आहेत हो. एका मेंबरच्या घरी लाकडी दांड्याची काठी आहे, खाली लोखंडी पातं, त्याच्यावर काहीतरी इंग्रजी कोरलेलं पण गंजलं. दुसऱ्या एका घरी चेंडू आहे, पिवळा पडलेला, अंगावर सीताफळासारखे फुगवटे. आणि क्लबच्या जुन्या चौकीदाराच्या घरी एक बूड नसलेला लोखंडी डबा आहे, बरडावर खणताना सापडला म्हणे, त्यांनी त्यात तुळस लावली. शिवाय नव्वदी पार केलेले एक आजोबा आहेत, ते म्हणतात लहानपणी आपण साहेबाच्या काठ्यांची पिशवी उचलायचो, आणि खड्ड्याभोवती हिरवळ वगैरे काही नव्हती, काळी तेलकट वाळू होती. आमचे सचिव म्हणतात म्हाताऱ्याच्या डोक्यात डांबरी रोड घुसला.

अध्यक्षांचं म्हणणं, सरळ "स्थापना १८८०" ठोकून दे, कोण तपासतंय. मला तसं करायचं नाही. कोणाला माहिती असेल तर सांगा, असला इतिहास शोधतात कुठं?

टपरीवरचा_गण्या

मास्तर, विहिरीचा मार्चमध्ये तळ दिसत असेल पण क्लबात सोडा कधी कमी पडला असं ऐकलं नाही आपण. बाकी १८८० कशाला, १८५७ लिहा, उठावात पण नाव येईल क्लबचं.

हिकरी_नागपूर

सचिव साहेबांना सांगा की आजोबा अगदी बरोबर बोलताहेत. मी मूळचा तुमच्याच भागातला, नोकरीमुळं गोल्फचा नाद लागला आणि रिटायर झाल्यावर जास्तच वाढला, म्हणून सांगतो. जिथं पाणी नाही तिथं खड्ड्याभोवती गवत वाढवायच्या फंदात कोणी पडत नव्हतं. गोल चौथरा सपाट करायचा, त्यावर वाळू टाकायची आणि वाळूला तेल पाजायचं. तेलामुळं वाळू वाऱ्यानं उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. दिसायला काळपट. ग्रीनच्या जागी ह्याला ब्राऊन म्हणायचे, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात अजूनही अशी मैदानं आहेत. खेळून झालं की पायाचे ठसे पुसायला एक पोरगा फळी नाहीतर पोतं ओढत फिरायचा. आजोबांना हे आपणहून सांगू नका, फक्त विचारा की खेळ झाल्यावर वाळूचं काय करायचे. फळी आठवली तर विषयच संपला.

दुसरं म्हणजे टीव्हीवरचं गोल्फ डोक्यातून काढा. हा खेळ मुळात स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या पडीक, वाळूच्या जमिनीवरचा, तिथं गवत मेंढ्या कमी करायच्या. अठरा खड्डे हेही काही वेदवाक्य नाही, स्कॉटलंडच्याच सेंट अँड्र्यूजला आधी बावीसचा डाव होता, १७६४ मध्ये काही खड्डे एकत्र केले आणि अठराचा झाला. लहान गावात नऊ खड्डे करायचे, जमीन कमी असली तर सहा, आणि तेच पुन्हा पुन्हा खेळायचे. तुमच्या बरडावर सहज बसतं.

आता साल. भारतात गोल्फ जुनंच आहे, कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना, बंगलोरचा १८७६ चा. पण १८८० ला वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी गोल्फ हे मला पटत नाही, कारण खुद्द इंग्लंडमध्ये ह्या खेळाची लाट आली ती १८९० च्या आसपास, त्याआधी तो बराचसा स्कॉटिश लोकांचाच खेळ होता. तुमच्याकडं एखादा हौशी स्कॉटिश इंजिनिअर १८८० ला आला असेलही, पण त्याला सोबत खेळायला कोण होतं?

वस्तूंचं सांगतो. डब्याचं आतलं माप घ्या. गोल्फच्या खड्ड्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, हा नियम १८९१ चा. चेंडूवर फुगवटे बाहेर आलेले आहेत की आत खळगे आहेत ते नीट बघा. खळग्यांचा चेंडू टेलर नावाच्या इंग्रजानं १९०५ मध्ये पेटंट केला आणि पुढं तोच चालला. फुगवट्यांचा त्याच्या आधीचा, फार तर पहिल्या महायुद्धापर्यंतचा. काठीच्या पात्यावर आकडा आहे की शब्द? मॅशी, निब्लिक, क्लीक (ही जुन्या काठ्यांची नावं) असं काही असेल तर जुनी. दांडा हिकरीच्या लाकडाचा असणार (माझं इथलं नाव त्यावरूनच), स्टीलच्या दांड्याला खेळाचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजवाल्यांनी १९२९ ला परवानगी दिली, त्यानंतर लाकूड मागं पडलं.

बरडावरचा_बबलू

काका, तुमचे उपकार. शाळेच्या लॅबमधून व्हर्निअर नेला, डबा आतून बरोबर १०८ मिमी भरला, चौकीदाराच्या सूनबाई म्हणाल्या तुळस काढायची असेल तर आधी दुसरी कुंडी आणून द्या. चेंडूवर फुगवटेच आहेत, बाहेर आलेले, आणि चेंडू ४१ मिमीचा आहे. काठीवर एम ए एस एवढं वाचता येतं, पुढं गंज.

आणि आजोबा! काही न सांगता विचारलं तर म्हणाले, "पोतं वढाले लागे ना बाप्पा, न वढलं तं कान पकडे सायब." मी तर उडालोच.

म्हणजे चेंडूवरून १९१४ च्या आधीचा क्लब हे नक्की ना?

हिकरी_नागपूर

नाही, थांबा. चेंडू साधारण १९१४ च्या आधीच्या घडणीचा आहे एवढंच म्हणता येईल. तो कोणी साहेब ट्रंकेत घालून वीस वर्षांनीही आणू शकतो, आणि मोफसलमध्ये (म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या गावांत) जुना माल दुसऱ्या-तिसऱ्या हातानं खूप फिरायचा. ४१ मिमीवर तर काहीच ठरवू नका, चेंडूच्या मापाचा नियमच १९२१ मध्ये आला. एम ए एस म्हणजे मॅशीच असणार. आजोबा आज नव्वदीत म्हणजे त्यांची आठवण १९४० च्या दशकातली. म्हणजे एका टोकाला आजोबा पक्के आहेत, शेवटच्या इंग्रजांपर्यंत बरडावर खेळ चालू होता. दुसरं टोक, म्हणजे सुरुवात, वस्तूंवरून नाही सापडणार, कागदच लागेल.

ग्रंथपाल_अकोला

बबलू सर, कागदांचं मी सांगते, आमच्या वाचनालयात ह्या विषयाचे लोक अधूनमधून येतात (बहुतेक आपल्या आडनावाचं मूळ शोधायला, क्लबचं शोधणारे तुम्ही पहिले).

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की वऱ्हाड हा १९०३ पर्यंत मध्य प्रांताचा भागच नव्हता. १८५३ च्या तहानं निजामानं हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या (त्याच्या खर्चानं ठेवलेल्या इंग्रजी फौजेच्या) खर्चापोटी तो इंग्रजांकडं सोपवला होता, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या (निजामाकडच्या इंग्रज प्रतिनिधीच्या) हाताखाली चालायचा, कमिश्नर अमरावतीला. १९०२ ला वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून नागपूरशी जोडला. म्हणजे १९०३ च्या आधीचा पत्रव्यवहार शोधायचा तर हैदराबाद रेसिडेन्सीचे कागद, ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि नंतरचा नागपूरच्या पुराभिलेखागारात. लोक नागपूरला जाऊन १८९० ची फाईल मागतात आणि नाही म्हटलं की सरकारला शिव्या घालतात.

गॅझेटिअर बघाच. अल्फ्रेड लायलनं काढलेलं वऱ्हाडचं १८७० चं आहे, त्यात गोल्फ सापडणार नाही पण गावाची तेव्हाची अवस्था कळेल. मग जिल्हावार: यवतमाळ १९०८, अकोला आणि बुलढाणा १९१०, अमरावती १९११. ह्या प्रत्येकाच्या शेवटी गावांची वेगळी माहिती असते, दवाखाना, डाकबंगला, जिनिंग किती हे सगळं. सरकारच्या गॅझेटिअर विभागाच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात.

आणखी एक विचारते, तुमचं गाव पूर्वी जिल्ह्याचं होतं का? कारण १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते, एलिचपूर आणि वाशिम पण, १९०५ ला ते दोन्ही मोडून एलिचपूर अमरावतीत आणि वाशिम बहुतेक अकोल्यात घातला. वाशिमला जिल्हा परत मिळायला १९९८ उजाडलं. जिल्हा गेला की डेप्युटी कमिश्नर, सिव्हिल सर्जन, पोलीस सुपरिटेंडंट सगळे गेले, मग क्लबात मेंबर उरणार कोण? नऊ खड्ड्यांसाठी चार माणसं तरी लागतात.

थॅकर्स डिरेक्टरी नावाचा जाडा ग्रंथ कलकत्त्याहून दरवर्षी निघायचा, त्यात गावोगावचे अधिकारी, व्यापारी, मिशनरी सगळे असायचे. बोर्डावरची अर्धवट नावं त्यात लावून बघा, एखादा कॅप्टन अमुक कोणत्या वर्षी तुमच्या स्टेशनवर होता हे सापडलं की बोर्डाचं पुसलेलं साल आपोआप मिळतं. फिबिस नावाची एक संस्था आहे, हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रज घराण्यांच्या नोंदी गोळा करते, त्यांच्या साइटवर नावानं शोधता येतं. आणि केंब्रिजच्या दक्षिण आशिया केंद्राकडं जुन्या साहेबांनी घरगुती कॅमेऱ्यानं काढलेल्या फिल्म आहेत, बऱ्याच ऑनलाइन. तुमचं बरड निघेलच असं नाही पण त्या काळची क्लबची संध्याकाळ कशी होती ते डोळ्यांनी दिसतं.

कापूसकाळा

ताईंनी मेंबरांचा मुद्दा बरोबर काढला पण सरकारी साहेबच मोजले. वऱ्हाडातले गोरे नुसते सरकारी नव्हते. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स ह्या कंपन्या इथून कापूस घेत होत्या, त्यांची माणसं हंगामाला मुक्कामाला असायची, जिनिंग-प्रेसिंगवर इंजिनिअर वेगळे. कापसाचा हंगाम म्हणजे दिवाळीपासून ते फेब्रुवारी, आणि बरडावर गोल्फ खेळता येईल असे दिवस पण तेच. पावसाळ्यात कुसळ गुडघ्याएवढं, चेंडू काय माणूस सापडत नाही, अन् मार्चनंतर ऊन. म्हणजे कापूस आणि गोल्फ एकाच वेळी जोरात. काळ्या रानात तर खेळणं शक्यच नाही, पावसात पाय रुतते अन् उन्हाळ्यात भेगा इतक्या पडते की चेंडू थेट पाताळात. म्हणून बरड. साहेबानं बंगले पण मुरमावरच बांधले, ह्यात काही विशेष नाही, घर बांधायचं तर आपणही तेच करतो.

१९२९ नंतर कापूस पडला, तेव्हा ह्या कंपन्यांची किती माणसं राहिली ते शोधा, क्लबची कळा तिथूनच गेली असेल असा माझा अंदाज. खरेदीचे रजिस्टर कुठं मिळाले तर त्यात दिसेल.

आणि अजून एक गंमत सांगतो, आम्ही शेतात ज्या हरळीच्या मागं जन्मभर वखर घेऊन लागतो ना, गोल्फवाले तिलाच पैसे देऊन लावते. तीच जात, जरा कलम-संकर केलेली. माझ्या दोन एकरात या म्हणा, फुकट नेऊ द्या.

रिटायर्ड_आरआय

मास्तर, मी जमिनीचं सांगतो, नोकरी त्यातच गेली.

क्लबची बंगली गावठाणाला लागून म्हणजे नझूलची (गावातली बिगरशेतीची सरकारी जमीन) असणार. सातबारा शोधत बसू नका. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात जा, नझूल शीट नंबर आणि प्लॉट नंबर काढा आणि आखीव पत्रिकेची (प्लॉटच्या नोंदीच्या उताऱ्याची) नक्कल मागा. धारक कोण, पट्टा केव्हाचा, भुईभाडं किती, मुदत कधी संपली, नूतनीकरण झालं की नाही हे त्यात दिसतं. पट्टे साधारण तीस-तीस वर्षांचे, म्हणजे एक नूतनीकरण सापडलं की मागं मोजत जाता येतं. मूळ पट्ट्याची फाईल जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात टाका. जुन्या कागदावर कलेक्टर कुठं दिसणार नाही, आपल्याकडं डेप्युटी कमिश्नर म्हणत, डी.सी. लिहिलेलं असेल.

क्लबची नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली झाली असेल तर धर्मादाय कार्यालयात फाईल आहे, कमिटी बदलली की चेंज रिपोर्ट जातो, त्यावरून स्वातंत्र्यानंतरचे अध्यक्ष-सचिव ओळीनं मिळतील. हे काम सोपं आहे, पहिलं हेच करा.

आता बरड. त्याचा सर्व्हे नंबर काढा, माझी पैज आहे की ते ई-क्लास निघणार. वऱ्हाडातल्या लोकांना सांगायला नको पण पूर्वेकडचे वाचत असतील तर, ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन. (तुमच्याकडची झुडपी जंगलाची भानगड वेगळी.) क्लबचा अध्यक्ष डी.सी. किंवा त्याच्या हाताखालचा साहेब, संध्याकाळी उठून आपल्याच अखत्यारीतल्या चराईवर नऊ खड्डे खणले, त्याला पट्टा कोणाकडून घ्यायचा होता? म्हणून गोल्फचा एकही कागद क्लबात मिळणार नाही, उधईला उगाच दोष देऊ नका. ढोरं सकाळी चरायची, साहेब संध्याकाळी खेळायचे. उलट ढोरांनी गवत कमी ठेवलं म्हणून मैदानावर खर्च आला नाही.

बोरीचं_झाड

मी शक्यतो लिहित नाही इथं पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या आबाजींचे मोठे भाऊ असेच कॅडी (काठ्यांची पिशवी उचलणारे) होते, दुसऱ्या तालुक्याच्या क्लबात, गाव सांगत नाही. आबाजी सांगत ते जसंच्या तसं लिहिते.

"शाळा नाई, काई नाई, ढोरं बरडावर सोडले का सायबाची वाट पाहा. एक पोट्टा पिशवी उचले, एक पोट्टा म्होरं जाऊन उभा राहे, चेंडू कुठी पडते ते पाहाले. त्याले आगेवाला म्हनत. कुसळात चेंडू गेला का त्याची धडगत नाई. सापडला नाई तं पैसे कापे. म्हनून पोट्टे पायानं दाबून ठेवत अन् रात्री जाऊन काढत, मंग दुसऱ्या दिवशी सायबालेच इकत."

पेटीत ओली वाळू असायची, साहेब मारायच्या आधी पोरानं चिमूटभर वाळूची ढिगोळी करून त्यावर चेंडू ठेवायचा. साहेब निघून गेले की पोरं बाभळीची वाकडी फांदी तोडून स्वतः खेळायची, आबाजी म्हणायचे की मोठे बाबा साहेबापेक्षा लांब मारायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

पण ह्याच पोरांना क्लबच्या व्हरांड्याच्या पायरीवर चढू देत नव्हते, पाणी मागच्या दारानं, तेही वरून ओतून. साहेब गेले, आपले साहेब आले, तरी बरीच वर्षं मागचं दारच. तुमच्या स्मरणिकेत अध्यक्षांची यादी येईल, फोटो येतील, त्याला माझं काही म्हणणं नाही. आजोबांकडून पोरांची नावं पण लिहून घ्या एवढंच म्हणते, ते आहेत तोवर.

हिकरी_नागपूर

ताई, आगेवाला हा शब्द तुमच्या आबाजींचा अगदी अस्सल, कलकत्त्याच्या मैदानावर पण पुढं उभ्या राहणाऱ्या पोराला हेच म्हणतात. आणि वाळूच्या ढिगोळीवरून बबलूंना सुद्धा काळ धरता येईल, लाकडी टी (चेंडू ठेवायची खुंटी) १९२० च्या दशकात पसरली, तोवर सगळीकडं ओली वाळूच. आजोबांनी वाळू पाहिली की लाकडाची खुंटी, विचारा. मोफसलमध्ये वाळू उशिरापर्यंत चालली असेल, फुकटची होती ना.

मोठ्या बाबांनी लांब मारलं ह्यात मला तरी अतिशयोक्ती वाटत नाही. १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या क्लबात कॅडीचं काम करूनच शिकला. त्याच्याआधी ती स्पर्धा जिंकलेला भारतीय एकच, बिल्लू सेठी, १९६५ ला, तो हौशी खेळाडू.

कापूसकाळा

आणि आपल्या लोकांना मेंबरशिप कधीपासून मिळाली ते पण टाका मास्तर. मुंबईत गव्हर्नर विलिंग्डननं १९१८ ला वेगळा क्लब काढला तो ह्याच कारणानं की बाकी ठिकाणी हिंदी माणसाला दारात घेत नव्हते. वऱ्हाडात तर वकील मंडळी तेव्हा टिळकांच्या मागं, त्यांना कोण घेणार होतं गोल्फ खेळायला. बोर्डावर पहिलं आपलं नाव कोणतं आहे, आणि ते सरकारी नोकराचं आहे की वकिलाचं, त्यावरून बरंच कळेल.

बरडावरचा_बबलू

पहिलं आपलं नाव एका रावबहादुरांचं आहे, सरकारी डॉक्टर होते असं त्यांच्या पणतूनं सांगितलं. वकिलाचं नाव थेट स्वातंत्र्यानंतर.

आजोबांना वाळूचं विचारलं, पेटी आठवते, "वाळू ओली नसली का शिव्या." म्हणजे १९४० च्या दशकातसुद्धा आमच्याकडं वाळूच.

पण इथं एक नवीनच भानगड उभी झाली. कालच्या मिटिंगमध्ये मी गोल्फचं सगळं सांगितलं तर मंडळी एकदम खूश, इतकी खूश की मला शंका आली. मग कळलं. बरडाचा अर्धा भाग केव्हाच गेला, आयटीआय झालं, पाण्याची टाकी झाली, एका कडेला तीस-चाळीस घरं आहेत, बरीचशी जुन्या कॅडींच्याच घरची, आपले आजोबा पण तिथंच राहतात. उरलेल्या भागावर कमिटीतल्या काहींचा डोळा आहे, क्लबचं लॉन करायचं, लग्नाला भाड्यानं द्यायचं. म्हणून त्यांना स्मरणिकेत वाक्य पाहिजे की "क्लबच्या मालकीच्या मैदानावर शंभर वर्षांपूर्वी गोल्फ खेळलं जात असे." १८८० चा हट्ट पण त्यातूनच. आरआय काका, ह्याला कायद्यात काही अर्थ आहे का?

रिटायर्ड_आरआय

शून्य. आणि नुसतं शून्य नाही, उलटं अंगावर येईल. स्मरणिका म्हणजे काय पुरावा आहे का? उद्या कोणी ती घेऊन तहसीलदाराकडं गेला तर तहसीलदार पहिला प्रश्न विचारेल की चराईच्या जमिनीवर क्लबनं मैदान कोणाच्या परवानगीनं केलं. म्हणजे तुम्हीच छापून दिलं की आम्ही अतिक्रमण केलं होतं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंगचा निकाल (सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा असा) आला तेव्हापासून गावाच्या सामाईक जमिनीच्या बाबतीत सगळे महसूलवाले सावध आहेत, राज्य सरकारनं त्याच वर्षी जीआर पण काढला. क्लबला ती जमीन मिळणं विसरा. वर त्या तीस-चाळीस घरांना नोटिसा निघायला तुमचं वाक्य निमित्त व्हायचं, ते वेगळंच.

तुम्ही असं लिहा: क्लबचे सदस्य गावच्या चराईच्या बरडावर गोल्फ खेळत. "मालकीच्या" हा शब्द कोणी घातला तर प्रूफ तपासताना उडवा. मी असतो तर उडवलाच असता.

टपरीवरचा_गण्या

मास्तर एक कागद सगळेच विसरले. क्लबात बसून प्यायचं तर एफएल-चार लायसन्स लागते. उत्पादन शुल्कवाल्यांकडं रजिस्टर असेल, कोण मेंबर किती वर्षं नियमित येत होता ह्याची त्याच्याइतकी पक्की नोंद दुसरीकडं नाही. पण ते छापलं तर स्मरणिका मेंबरांच्या घरी नेऊ नका.

बोरीचं_झाड

बबलू सर, त्या घरांचं वाचून एक विचारायचं होतं. मी नावं लिहा म्हटलं होतं, पण आता वाटते की नाव आणि घर दोन्ही छापून कोणाला अडचण व्हायला नको. आधी त्या लोकांना विचारा. माझ्या मोठ्या बाबांचं मात्र मी स्वतः लिहून देते, त्यांच्या मागं कोणी नाही, ज्या क्लबात होते ते बंद पण झालं. तुमच्या स्मरणिकेत दुसऱ्या गावच्या माणसाला जागा असली तर.

बरडावरचा_बबलू

जागा आहे ताई, संपादक मीच आहे. आजोबांनी सात-आठ नावं सांगितली, सगळी टोपणनावं, बंड्या, काळू, लंगडा शाम्या अशी, आडनावं त्यांना आठवतच नाहीत, म्हणून तीच टाकतो, घरचे हो म्हणाले तर फोटो. काठी, चेंडू आणि डब्याचा फोटो पहिल्या पानावर घेतोय, सूनबाईंना कुंडी दिली.

आखीव पत्रिकेचा अर्ज टाकला. तोवर स्थापनेच्या सालाची जागा मोकळी सोडून बाकी मजकूर डीटीपीला दिला आहे, अध्यक्ष रागावले आहेत पण दुसरा कोणी लिहायला तयार नाही म्हणून गप्प आहेत. ग्रंथपाल ताई, बोर्डावरच्या एका कॅप्टनचं आडनाव "...र्सन" एवढंच वाचता येतं, थॅकर्समध्ये असं कसं शोधायचं?

ग्रंथपाल_अकोला

अँडरसन, पीटरसन, हेंडरसन, पॅटरसन, सगळे धरा आणि आधी तुमच्या स्टेशनचं पान काढा, आडनावाच्या यादीत शिरू नका, वर्ष जाईल. बोर्डाचा फोटो सकाळच्या तिरप्या उजेडात काढून मला पाठवा, रंगाखालची अक्षरं कधीकधी उठून दिसतात.

टपरीवरचा_गण्या

जाहिरातीचा रेट काय ठेवला मास्तर? अर्धं पान आपलं पक्कं, फक्त अध्यक्षांच्या फोटोच्या समोर नको.